आजारापूर्वीची जबाबदारी
आरोग्यविमा असलेल्या मराठी मध्यमवर्गास खुले पत्र

सुजाण नागरिकहो,



ज्या घरांतील मुले, सुना, जावई नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये स्थायिक झाले आहेत, त्या घरांत दोन्हीकडच्या आरोग्यसेवेची तुलना हा नेहमीचा विषय झाला आहे आणि त्या तुलनेचा निष्कर्षही बहुधा ठरलेला असतो. तिकडे तापासाठी डॉक्टरची वेळ मिळत नाही, तज्ज्ञाकडे जायचे तर कित्येक महिने थांबावे लागते. इकडे पुण्यात किंवा ठाण्यात सकाळी दुखणे सुरू झाले तर दुपारी तज्ज्ञ भेटतो आणि रात्रीपर्यंत एमआरआयचा अहवाल हातात येतो, असे सांगितले जाते. या विधानांतील अनुभव खरे आहेत. मात्र त्यांवरून ‘आपली व्यवस्थाच बरी’ असा जो सर्वसाधारण अर्थ काढला जातो, तो अपुऱ्या पुराव्यावर उभा आहे, आणि हा अर्थ काढणारा वर्ग वृत्तपत्रांपासून मंत्रालयापर्यंत ज्याचे म्हणणे ऐकले जाते असा असल्यामुळे त्याचे परिणाम त्या वर्गापुरते मर्यादित राहत नाहीत. म्हणून हे पत्र आरोग्य खात्याला किंवा डॉक्टरांच्या संघटनेला न लिहिता आपणांस लिहिले आहे.

ब्रिटनच्या व्यवस्थेतील दोष लपवून ही चर्चा पुढे नेता येणार नाही. ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’ (पुढे ‘एनएचएस’) ही करांतून चालणारी आणि उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे न घेणारी सेवा ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. आज ती मोठ्या ताणाखाली आहे. तज्ज्ञाकडे पाठवलेल्या रुग्णांपैकी ९२ टक्क्यांवर १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, हे इंग्लंडमधील उद्दिष्ट २०१६ नंतर गाठले गेलेले नाही; आपत्कालीन विभागात आलेल्या ९५ टक्के रुग्णांना चार तासांत दाखल करावे, अन्यत्र हलवावे किंवा घरी सोडावे, हे उद्दिष्ट २०१५ नंतर साधलेले नाही; आणि २०२३ च्या सप्टेंबरात नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीतील नोंदी ७७ लाखांच्या घरात पोहोचल्या होत्या. सरकारी दराने उपचार करणारा दंतवैद्य अनेक भागांत मिळत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षभर वेदना सोसणाऱ्या माणसाला तत्त्वाच्या गोष्टी सांगून दिलासा मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही रोजची आरोग्यसेवा, म्हणजे रुग्णालयात दाखल न होता वर्षभर लागणारी सेवा, कशी बांधलेली आहे हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर प्रतीक्षायादीच्या आकड्यांत सापडत नाही. ब्रिटनमध्ये राहणारी व्यक्ती आपल्या परिसरातील एका ‘जनरल प्रॅक्टिशनर’कडे, म्हणजे सर्वसाधारण आजार पाहणाऱ्या आणि त्यासाठीच स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, आपले नाव नोंदवते. ही नोंदणी आजारी पडल्यावर करायची नसून त्या भागात राहायला आल्यावर करायची असते आणि तिला पैसे पडत नाहीत. त्या दवाखान्याला सरकारकडून मिळणारा मोबदला मुख्यत्वे नोंदलेल्या माणसांची संख्या, त्यांची वये आणि गरजा यांवर ठरतो. याला दरडोई मोबदला म्हणतात. परिणामी, कोणी किती वेळा आले, किती तपासण्या झाल्या यावर डॉक्टरची कमाई मुळातच अवलंबून राहत नाही, आणि जे कधीच आले नाहीत त्यांची नावेही त्याच्या यादीत राहतात. पुढची वाटचाल या यादीतूनच सुरू होते. तज्ज्ञाकडे जायचे तर बहुतेक वेळा याच डॉक्टरची चिठ्ठी लागते, तज्ज्ञाचे पत्र परत याच दवाखान्यात येते, आणि माणसाने गाव बदलले तर त्याची नोंद पुढच्या दवाखान्याकडे जाते.

महाराष्ट्रातील आपल्यासारख्या घराचे चित्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. छातीत जळजळ झाली तर पोटाचा तज्ज्ञ, धडधडले तर हृदयरोगतज्ज्ञ, गुडघा दुखला तर अस्थिरोगतज्ज्ञ, अशी निवड कुटुंबच ओळखीपाळखीतून विचारून करते. प्रत्येक तज्ज्ञ आपल्यापुरता कदाचित उत्तमही असेल. पण पाच जणांनी लिहून दिलेल्या बारा गोळ्या एकत्र पाहण्याची जबाबदारी कोणावरही नसते. मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्त्यांत तीन पिढ्यांना ओळखणारा, घरी येऊन नाडी पाहणारा फॅमिली डॉक्टर असे, आणि ही जबाबदारी तो अलिखितपणे पार पाडत असे. ती परंपरा आपल्याच पसंतीने क्षीण होत गेली. दोन्ही देशांतील मूलभूत फरक येथे आहे. तिकडे माणूस आजारी पडण्यापूर्वीच त्याच्या आरोग्याची जबाबदारी एका ठरावीक ठिकाणी नोंदलेली असते. इकडे ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याला सेवा लवकर विकत मिळते, पण त्याची जबाबदारी कोणीही घेतलेली नसते.

या भूमिकेवरून आपल्या वर्गाविषयीच्या तक्रारी पुढे क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली तक्रार तुलनेच्या मापाविषयी आहे. आपण आरोग्यसेवा वेगाने मोजता, आणि वेग हे माप अचानक उद्भवणाऱ्या दुखण्यांना लागू पडते. परंतु भारतात आज आयुष्य आणि पैसा जास्त खाणारे आजार हळूहळू वाढणारे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज मांडला. मधुमेहात किंवा उच्च रक्तदाबात प्रश्न आज डॉक्टर किती लवकर भेटला हा नसतो; मूत्रपिंड, डोळे आणि पाय यांची तपासणी वर्षानुवर्षे नेमाने झाली का, आणि जो तपासणीला आला नाही त्याला कोणी शोधले का, हा असतो. इंग्लंडमध्ये मधुमेहाची नोंद झालेल्या व्यक्तीला डोळ्यांच्या पडद्याच्या नियमित तपासणीचे बोलावणे येते. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीला औषधांचे शुल्क पडत नाही. आणि २००४ पासून दवाखान्यांच्या मोबदल्याचा काही भाग अशा रुग्णांचा रक्तदाब व साखर कितपत आटोक्यात आहे याच्याशी जोडलेला आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचे साहित्य टपालाने घरी येते, आणि २५ ते ६४ वयाच्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी ठरावीक अंतराने बोलावले जाते. या सगळ्यासाठी यादी लागते, कारण जे आले नाहीत ते कोण, हे यादीशिवाय कळतच नाही.

यादीचे सामर्थ्य काय असते हे वेल्समधील ग्लिनकोरग या कोळसाखाणीच्या गावातील डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांच्या कामातून दिसते. आपल्याकडे नोंदलेल्या सर्व प्रौढांचा रक्तदाब, तक्रार असो वा नसो, मोजायचा आणि जे येत नाहीत त्यांच्या मागे लागायचे, असा क्रम त्यांनी १९६० च्या दशकात सुरू केला. पंचवीस वर्षांच्या या कामाचा ताळेबंद १९९१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तशाच परिस्थितीतील शेजारच्या गावापेक्षा ग्लिनकोरगमधील अकाली मृत्यूंचे प्रमाण कमी असल्याचे दिसून आले. याच डॉक्टरांनी १९७१ मध्ये एक नियम मांडला होता. चांगली वैद्यकीय सेवा मिळण्याची शक्यता ही सेवेच्या गरजेच्या उलट प्रमाणात असते, आणि सेवा बाजाराच्या हाती जितकी अधिक तितका हा उलटेपणा अधिक, असे त्याचे सार आहे. पुण्याच्या कर्वे रस्त्यावरील तज्ज्ञांच्या पाट्या आणि धडगाव किंवा भामरागड तालुक्यांतील डॉक्टरांची वानवा एकत्र पाहिली, तर हा नियम महाराष्ट्राला किती चपखल लागू पडतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी तक्रार अशी की आपण विम्यालाच आरोग्यसेवा समजू लागला आहात. आरोग्यविमा हा मुळात मोठ्या, अनपेक्षित खर्चाविरुद्धचा करार आहे, आणि मेडिक्लेमच्या नेहमीच्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल होणे किंवा ठरावीक अल्पमुदतीच्या शस्त्रक्रिया होणे ही भरपाईची अट असते. सरकारी योजनांची रचनाही याच धर्तीची आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, आणि महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादाही तितकीच करून ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. परंतु दोन्ही योजनांचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. दरमहा लागणारी रक्तदाबाची गोळी, मुलाचा खोकला, साखरेची तपासणी, दवाखान्याची फी हा सगळा खर्च कुटुंबाच्या खिशातूनच जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांच्या तुलनेत ही घट मोठी आणि स्वागतार्ह आहे, तरी ब्रिटनमध्ये हाच वाटा एकूण आरोग्यखर्चाच्या साधारण सातव्या भागाइतकाच आहे.

या संदर्भात एक ताजे उदाहरण विचार करायला लावणारे आहे. आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द व्हावा यासाठी आपल्या वर्गाने सातत्याने आवाज उठवला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरील तो कर रद्द झाला. ही मागणी गैर नव्हती आणि तिचे यश खरे आहे. पण ज्या वर्गाला हप्त्यावरील कर रद्द करून घेता येतो, त्याला वॉर्डातील दवाखान्यात औषधसाठा पुरेसा ठेवून घेता आला नसता, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. या तफावतीविषयी आपल्या वर्गातून हप्त्यावरील कराच्या निम्म्यानेही ओरड झाली नाही.

तिसरी तक्रार औषधांच्या वापराविषयी आहे. इंग्लंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स असे एकच शुल्क आहे, मग औषधाची बाजारातील किंमत काहीही असो. लहान मुले, साठीपुढील व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि काही ठरावीक दीर्घकालीन आजारांचे रुग्ण यांना ते माफ आहे, आणि वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये तर स्कॉटलंडने २०११ मध्ये ते सर्वांसाठीच रद्द केले. औषधे बहुतांशी जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी मूळ द्रव्याच्या नावाने लिहिली जातात. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक, म्हणजे जिवाणू मारणारे अँटिबायोटिक, दुकानातून घेता येत नाही. २०२४ पासून औषधविक्रेत्यांना घसादुखी किंवा स्त्रियांच्या साध्या मूत्रमार्गसंसर्गासारख्या सात दुखण्यांवर स्वतः उपचार देण्याची मुभा मिळाली, पण तीही लिखित नियमावलीच्या चौकटीत. सर्दीतापासाठी डॉक्टरांनी नुसते पॅरासिटामोल सांगून परत पाठवले, ही ब्रिटनमधील मराठी माणसाची नेहमीची तक्रार असते. वास्तविक विषाणूजन्य सर्दीवर प्रतिजैविक न देणे हाच योग्य उपचार असतो.

भारतात २०१४ च्या मार्चपासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. त्यानुसार प्रतिजैविकांपैकी अनेक औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवण्याचे बंधन आहे. हा नियम दररोज मोडला जातो, आणि तो मोडणाऱ्यांत औषधविक्रेत्याइतकाच, मागच्या वेळची गोळी नावाने मागणारा सुशिक्षित ग्राहकही असतो. अशक्तपणा आला म्हणून सलाईन लावण्याचा आग्रह धरणारा, इंजेक्शन दिले नाही म्हणून डॉक्टर बदलणारा रुग्णही आपल्याच घरांत सापडतो. विवेकाने औषध देणाऱ्या डॉक्टरचा दवाखाना ओस पडतो आणि भरपूर लिहिणाऱ्याचा भरतो, ही परिस्थिती डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनी मिळून निर्माण केली आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल दुसऱ्या डॉक्टरकडून किंवा तपासणी केंद्राकडून हिस्सा घेण्याची ‘कट प्रॅक्टिस’ याच जमिनीत रुजते. तिला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात २०१७ मध्ये तयार झाला, पण तो कायदा होऊ शकला नाही, आणि त्यासाठी ग्राहक म्हणून आपण फारसा दबाव आणला नाही.

चौथी तक्रार नोंदींविषयी आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक व्यक्तीला दहा अंकी एनएचएस क्रमांक असतो आणि तिच्या आजारांचा, औषधांचा, लसींचा इतिहास तिच्या दवाखान्यात सलग राहतो. आपल्याकडे हा इतिहास प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुन्या फायलींत आणि मोबाइलमधील छायाचित्रांत विखुरलेला असतो. डॉक्टर बदलला की तपासण्या पुन्हा होतात, आणि वृद्ध व्यक्ती अचानक बेशुद्ध पडली तर ती कोणत्या गोळ्या घेत होती हे सांगायला घरात कोणी नसते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून ‘आभा’ हा चौदा अंकी आरोग्यक्रमांक मिळतो. मात्र क्रमांक मिळाल्याने नोंद आपोआप तयार होत नाही. ती डॉक्टरने लिहावी लागते, आणि ती सांभाळणारे एक ठिकाण लागते. खाजगी डॉक्टरकडून आजाराचे निदान लिहिलेला स्वच्छ कागद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहितीचा, नोंदींचा आणि दर कळण्याचा हक्क समाविष्ट आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती करून रुग्णालयांना रुग्णहक्क व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. हे हक्क वापरण्याची क्षमता ज्यांच्याकडे सर्वाधिक आहे, ते भिडेपोटी ते वापरत नाहीत, आणि मग ज्यांना लिहितावाचताही येत नाही त्यांच्यासाठी ते कागदावरच राहतात.

पाचवी तक्रार सर्वांत गंभीर आहे आणि आधीच्या चारही तक्रारींचे मूळ तिच्यात आहे. आपण सरकारी आरोग्यसेवा सोडून दिली आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशात सुमारे ३० टक्के आजारांवरच सरकारी ठिकाणी उपचार झाले. यात गरिबांनाही खाजगीकडे जावे लागते ही मोठी शोकांतिका आहे; पण मध्यमवर्ग तेथून निघून गेला याचा परिणाम वेगळ्या प्रकारचा आहे. ब्रिटनमध्ये खाजगी विमा सुमारे आठ-नऊ जणांमागे एकाकडे असतो, आणि त्यालाही रोजच्या दुखण्यासाठी आपल्या भागातील एनएचएसचा दवाखाना उपलब्ध असतो व तो तेथे जातोही. प्राध्यापक, बसचालक, वकील आणि सफाई कामगार एकाच प्रतीक्षाकक्षात बसतात. सेवा बिघडली की ज्याला पत्र लिहिता येते, खासदाराला गाठता येते, त्यालाही ती बोचते, आणि म्हणून प्रतीक्षायादीचे आकडे तेथील निवडणुकीचा विषय होतात. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण यंत्र सहा महिने बंद राहिले तरी ते ज्यांना बोचते त्यांचा आवाज जिल्ह्याबाहेर पोहोचत नाही.

वास्तविक महाराष्ट्रात काहीच उभे नाही असे नाही. मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी व डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे पाच हजार व तीन हजारांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. मुंबईत २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ नावाचे दवाखाने सुरू झाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. गावोगावच्या आशा स्वयंसेविका घराघरांतील गरोदर मातांची, बाळांची आणि क्षयरुग्णांची नोंद ठेवतात, म्हणजे यादीचे काम प्रत्यक्षात त्याच करतात. २०२३-२४ मध्ये त्यांनी मानधनवाढीसाठी संप केला, तेव्हा शहरी मध्यमवर्गाला त्याची फारशी झळ लागली नाही, आणि म्हणून दखलही घ्यावीशी वाटली नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. ब्रिटन श्रीमंत आहे आणि ही तुलनाच अन्यायाची आहे, असे म्हटले जाईल. पण एनएचएस सुरू झाली तेव्हा ब्रिटन युद्धाने कर्जबाजारी झालेला होता आणि तेथे अन्नधान्याचे रेशनिंग चालू होते. थायलंडने मध्यम उत्पन्न असतानाच २००२ मध्ये सर्व नागरिकांना नोंदणीवर आधारित सेवा दिली. सुरुवातीला एका भेटीमागे ३० बात एवढेच शुल्क होते. शिवाय ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. भारताच्या आरोग्यसेवेचा आराखडा करण्यासाठी १९४३ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा आणि शिक्षण पुण्यातले. त्यांच्या समितीने १९४६ मध्ये, म्हणजे एनएचएस सुरू होण्यापूर्वी दोन वर्षे, असे मांडले की पैसे नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचारांवाचून राहता कामा नये, आणि दीर्घ पल्ल्यात दर १० ते २० हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे रुग्णालय असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. ब्रिटनमध्ये तो विचार प्रत्यक्षात आला. आपल्याकडे तो अहवालात राहिला आणि त्याच्या निम्म्याशिम्म्या आवृत्त्या अमलात आल्या.

जेथे तो विचार कोणी मनापासून राबवला तेथे त्याचे फळ मिळाले, याचे पुरावेही महाराष्ट्रातच आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सुरू केलेल्या कामात गावातल्याच, बहुधा अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले गेले आणि आपल्या गावाच्या आरोग्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांची काळजी घरोघर जाऊन घेणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांच्या आधारे अभ्यास केला, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्या गावांतील नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. ग्लिनकोरग, जामखेड आणि गडचिरोली यांना जोडणारे सूत्र एकच आहे: ठरावीक माणसांच्या आरोग्याला ठरावीक व्यक्ती जबाबदार असणे आणि रुग्ण येण्याची वाट न पाहता तिने त्यांच्यापर्यंत जाणे.

म्हणून आपणांस पुढील विनंत्या आहेत.

पहिली विनंती अशी की आपल्या कुटुंबासाठी सर्वसाधारण आजार पाहणारा एक डॉक्टर ठरवावा, प्रत्येक दुखण्यात आधी त्याच्याकडे जावे, तज्ज्ञाकडे त्याच्या चिठ्ठीने जावे आणि तज्ज्ञाचे उत्तर त्याच्याकडे परत न्यावे. त्याला वेळेची आणि सल्ल्याची योग्य फी द्यावी, म्हणजे त्याला तपासण्यांवर आणि कमिशनवर जगावे लागणार नाही.

दुसरी विनंती, चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मागू नये, सलाईन व इंजेक्शनचा हट्ट धरू नये, प्रत्येक भेटीत निदान लिहिलेला कागद आणि औषधाचे मूळ नाव मागावे. जन औषधी केंद्रात तेच औषध मिळत असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याने ते घ्यावे.

तिसरी विनंती, वर्षातून काही वेळा तरी लसीकरणासाठी, रक्तदाब किंवा साखर मोजण्यासाठी आपल्या वॉर्डातील महापालिकेच्या दवाखान्यात किंवा गावातील आरोग्य केंद्रात जावे. तेथे जे चांगले आहे त्याची पोचपावती द्यावी, आणि जे बंद किंवा अपुरे आहे त्याची लेखी तक्रार करावी. ग्रामीण भागात रुग्ण कल्याण समित्या याच कामासाठी आहेत. निवृत्त शिक्षक, अभियंते, बँक कर्मचारी यांनी त्यांच्या बैठकांना उपस्थित राहावे.

चौथी विनंती राजकीय मागणीची आहे. प्रत्येक कुटुंबाचे नाव एका सरकारी आरोग्य केंद्राच्या यादीत नोंदले जावे. तेथे रोजची तपासणी, रक्तदाब व मधुमेहाची औषधे आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळावी. आणि विमा योजनांवरील खर्चाइतकेच लक्ष या बाह्यरुग्ण सेवेला मिळावे, अशी मागणी आपण हप्त्यावरील कराच्या मागणीइतक्याच चिकाटीने करावी. आशा स्वयंसेविकांच्या मानधनाचा प्रश्न हा आपल्याही आरोग्याचा प्रश्न आहे असे मानून त्यांच्या बाजूने बोलावे.

पाचवी विनंती ब्रिटनमधील मराठी कुटुंबांना आणि विशेषतः तेथील मराठी डॉक्टरांना आहे. एनएचएस स्थापनेपासून भारतात शिकलेल्या डॉक्टरांच्या श्रमावर मोठ्या प्रमाणात उभी आहे. तेथील प्रतीक्षेच्या कथांबरोबर तेथील यादीचे, बोलावण्याचे आणि नोंदींचे कामही त्यांनी इकडच्या नातेवाइकांना, वैद्यकीय महाविद्यालयांना आणि धोरणकर्त्यांना समजावून सांगावे, कारण ते काम आतून पाहिलेली मराठी माणसे तीच आहेत.

आपण ज्या वेगाचा अभिमान बाळगता तो वेग आपल्या उत्पन्नावर अवलंबून आहे, आणि नोकरी गेली, वय वाढले, विमा कंपनीने दावा नाकारला की तो आपल्यापुरताही संपतो. साठीनंतर विम्याचे हप्ते वाढत जातात आणि आजारही वाढतात, तेव्हा हे अनेकांच्या लक्षात येते, पण तोपर्यंत मागणी करण्याची ताकद उरलेली नसते. ती ताकद आज आपल्याकडे आहे. ती केवळ स्वतःच्या पॉलिसीसाठी न वापरता प्रत्येक वॉर्डातील आणि प्रत्येक गावातील दवाखान्यासाठी वापरावी, आणि येत्या प्रत्येक निवडणुकीत दारी येणाऱ्या उमेदवाराला या घरातील माणसांच्या रोजच्या आरोग्याची जबाबदारी कोणत्या केंद्रावर आहे, हे विचारावे, अशी कळकळीची विनंती करून हे पत्र पूर्ण होते.



आपला नम्र,
सार्वजनिक आरोग्यसेवेचा पुरस्कार करणारा एक मराठी नागरिक